केबल तुटली तर?

आंजर्ले, १८ मार्च. रात्री साडेदहा.

मला ग्लायडर उडवायला शिकवणाऱ्या सरांच्या अस्थी हरिहरेश्वरला सोडून संध्याकाळी परत आलो. सकाळी जाताना वेसवीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी थांबलो होतो. सरांचा पुतण्या गाडीत फोनवर बोलत बसला होता, मी बाहेर उभी. खाडीवर सात-आठ घारी फिरत होत्या, सगळ्या उजव्या अंगाने. मागून आलेली एक घार त्यांच्याच फेऱ्यात शिरली आणि पंख न हलवता वर चढत गेली. “आधी जो फिरतोय त्याच्याच दिशेने फिरायचं. तो पक्षी असला तरी.” सरांचं हे वाक्य ऐकून तीस वर्षं होत आली. तिथे धक्क्यावर ते इतकं स्पष्ट आठवलं, की मला पलीकडे बागमांडल्यापर्यंत कुणाशी बोलता आलं नाही.

चार दिवस वाडीत माणसांची रीघ आहे. आलेला प्रत्येक जण एकच शब्द बोलून जातो: धाडसी. बिनइंजिनाचं विमान उडवायचे, केवढं धाडस! मी ओटीवर बसून नुसती मान हलवते, कारण सुतकाच्या घरी वाद घालू नये. पण हे खरं नाही, आणि निदान माझ्या वहीत तरी खरं लिहिलेलं असावं. मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यांत सावध माणूस म्हणजे सर. त्या सावधपणावर माझा अतोनात जीव होता.

मी पुण्यात कॉलेजात होते तेव्हा गावचे म्हणून त्यांना भेटायला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर गेले आणि तिथलीच झाले. सर स्वतः साठच्या दशकात ‘रोहिणी’वर शिकलेले. रोहिणी आपल्याच नागरी विमान वाहतूक खात्याने आखलेलं लाकडी ग्लायडर, पहिलं उड्डाण १९६१ चं. त्यात शिकणारा आणि शिकवणारा शेजारी-शेजारी बसत. सरांना ती बैठक फार आवडायची. म्हणायचे, पोराच्या हाताची मूठ दिसते, घट्ट आवळली की समजतं घाबरलाय.

मैदानाच्या त्या टोकाला विंच, म्हणजे ग्लायडरला जोडलेली लांब केबल ओढणारं यंत्र. ते केबल गुंडाळायला लागलं की ग्लायडर थोडं धावतं, उचलतं आणि मग नाक आभाळाकडे करून असं चढतं की समोर जमीन दिसतच नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटात हजारेक फूट. सगळ्यांना हाच भाग थरारक वाटतो. सर मात्र केबल जोडण्याआधी दर वेळी, खरोखर दर वेळी, विचारायचे, “केबल तुटली तर?” आणि उत्तर मोठ्याने द्यावं लागायचं. आधी नाक खाली, मग वेग बघायचा, वेग आल्याशिवाय वळायचं नाही. उंची कमी असेल तर सरळ समोर उतरायचं. समोर मैदान पुरणार नसेल आणि उंची असेल, तर छोटा फेरा मारून उतरायचं. मधल्या उंचीला काय करायचं हे आजच्या वाऱ्यावर, म्हणून ते आज जमिनीवर ठरवायचं, वर गेल्यावर नाही.

एकदा साधारण तीनशे फुटांवर धप्पकन आवाज आला आणि ओढच संपली. पोटात खड्डा पडला. माझा हात ग्लायडरचं नाक खाली दाबायला पुढे गेला, तोंडातून ‘वेग, वेग’ असं काहीतरी निघालं, आणि आम्ही सरळ समोर उतरलो. थांबल्यावर बघते तर सरांचा हात केबल सोडायच्या पिवळ्या मुठीवर. त्यांनीच सोडली होती. मी रडायला लागले. ते म्हणाले, “रड. पण हात बरोबर गेला, हे लक्षात ठेव.”

सोलोसाठी, म्हणजे पहिल्यांदा एकटीने उडायला गेले तेव्हा, त्यांनी मला तीनदा परत पाठवलं. पहिल्यांदा आडवा वारा होता, दुसऱ्यांदाही आडवा वारा. तिसऱ्यांदा हवा अगदी स्वच्छ होती, तरी नाही म्हणाले. आदल्या रात्री माझं घरच्यांशी भांडण झालं होतं आणि मी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यांना कसं कळलं, मी कधी विचारलं नाही. चौथ्या खेपेला ते खाली उतरले, बाजूच्या सीटचे पट्टे नीट बांधले, म्हणजे मोकळे पट्टे दांड्यात अडकणार नाहीत, आणि “केबल तुटली तर?” एवढं विचारून मागे सरकले. त्या सहा मिनिटांइतकी शांतता मी पुढे कुठेच अनुभवली नाही. शिट्टीसारखा वाऱ्याचा आवाज, काचेवर चिकटवलेला लाल लोकरीचा धागा, तो सरळ असला की ग्लायडर हवेत तिरकं जात नाहीये असं समजायचं, आणि बाजूची रिकामी सीट.

काकूंनी आज कपाटातून त्यांची लॉगबुकं काढून दिली. पानंच्या पानं ५ मिनिटं, ६ मिनिटं, ७ मिनिटं. अनोळखी माणसाला वाटेल, हे काय उडणं? पण प्रशिक्षकाचं आयुष्य असंच जातं. मुलाला वर न्यायचं, खाली आणायचं, पुन्हा रांगेत लागायचं. विमानवाले तास मोजतात. सर उतरण्यांची बेरीज करायचे, दर पानाखाली, पेन्सिलीने. ग्लायडरला दुसरी संधी नसते. उतरणं बिघडतंय म्हणून इंजिन फुलवून पुन्हा वर जाता येत नाही, म्हणून प्रत्येक उतरणं पहिल्याच खेपेला जमावं लागतं.

१९८३ सालची कॅनडाची ती गोष्ट त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेन. बोईंग ७६७ मधलं इंधन आकाशातच संपलं आणि कॅप्टनने ते गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. विमानातली ६९ च्या ६९ माणसं वाचली. कॅप्टन ग्लायडर उडवणारा होता. उंची जास्त झाली तेव्हा त्याने ते अवाढव्य विमान तिरकं घसरवत खाली आणलं, आम्ही हडपसरला करायचो तसं. लोक त्याला चमत्कार म्हणाले की सरांना राग यायचा. “चमत्कार कसला? त्याने ते आधी शंभरदा केलेलं होतं!”

हडपसरला उन्हाळ्यात दुपारी हवा जोरात वर चढायची. संध्याकाळी पश्चिमेकडून गार झुळूक आली की थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचे झोत, मरायचे, ग्लायडर टिकायचं नाही. मग सर हात झटकून म्हणायचे, “कोकण आलं. चला, आवरा.” निवृत्तीनंतर ते खरोखरच कोकणात आले, वडिलांच्या नारळ-पोफळीच्या वाडीत. इथे ग्लायडिंग होत नाही. जमीन तापून हवा उचलायला लागते न लागते तोच समुद्रावरून खारा वारा येतो आणि सगळं निववून टाकतो. पण हवा बघायची सवय सुटली नाही. अंगणात बांबूला लाल लोकर बांधली आणि रोज एका वहीत खारा वारा किती वाजता लागला ते लिहायला लागले. सकाळी भाताच्या खाचरांआधी सड्यावरचा कातळ तापतो, म्हणून घारी आधी सड्यावर चढतात. दुपारी वारा कड्यावरच्या गणपतीच्या डोंगराला धडकून वर उचलला जातो, तेव्हा त्याच घारी कड्याच्या धारेवर जागच्या जागी टांगल्यासारख्या राहतात. हे मी लहानपणापासून बघत होते. पण बघणं वेगळं, ते मला त्यांनी दाखवलं.

पूर्वी घारींच्या वर गिधाडं असायची, ग्लायडरवाल्यांना थर्मल दाखवणारी. मग ती गेली. गुरांना टोचायच्या डायक्लोफिनॅकने मेली हे नंतर कळलं. २००६ मध्ये ते औषध गुरांसाठी बंद झालं. म्हसळ्याकडे चिरगावला थोडी गिधाडं टिकून आहेत म्हणून सर एकदा खास बघायला गेले होते. परत आल्यावर दोन दिवस फारसे बोलले नाहीत.

काकूंना या वाऱ्याच्या वहीचं कधी कौतुक नव्हतं. “त्यांचं वारं त्यांच्यापाशी,” असं म्हणून त्या पोफळीला शिंपण करायला निघून जात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाचा इशारा आला तेव्हा मात्र सरांनी दोन दिवस कुणाचंच ऐकलं नाही. पलीकडच्या घरावर जुना आंबा झुकलेला होता. त्या घरातल्या म्हाताऱ्यांना त्यांनी हाताला धरून आपल्या माजघरात आणलं. म्हातारा चिडला होता, म्हणे एवढी वादळं पाहिली. ३ जूनला वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं आणि आंब्याचा अर्धा भाग त्या घराच्या स्वयंपाकघरात पडला. सरांनी त्या दिवशी वहीत वाऱ्याच्या वेळा लिहिल्या आहेत, आंब्याबद्दल एक शब्द नाही. वाडीतल्या पोफळी जवळजवळ सगळ्या गेल्या. ऐंशीच्या घरातल्या माणसाने नवी रोपं लावली, पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात हे माहीत असून. यंदा पहिल्या काही झाडांना शिंपुटं आली आहेत.

शेवटची वही अर्धी कोरी आहे. शेवटची नोंद ६ मार्चची, अक्षर थरथरलेलं: ‘११.५०. मंद. घारी खाली.’ त्यानंतर ते अंथरुणावरून उठले नाहीत.

मघाशी ती वही मिटून ठेवताना मी उगाच काकूंना विचारलं, आज आम्ही हरिहरेश्वरला होतो तेव्हा इकडे वारा होता का. त्या पालथ्या घातलेल्या भांड्यांकडे बघत होत्या. म्हणाल्या, “पावणेबाराला लागला गो. मी अंगणातच होते.”