फलक बदलला आणि रांग लागली

आमच्या संस्थेत दर गुरुवारी संध्याकाळी मी अर्ज भरून द्यायला बसते. संस्था म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक प्रिंटर (तोही लहरी) आणि आम्ही सहा-सात जण. सुरुवातीला दारावर ‘गरजू कुटुंबांना मदत’ असा फलक होता. कुणी फिरकेना. गरजू म्हणवून घ्यायला कुणाला आवडतं? तो काढून ‘अर्ज भरून मिळतील’ एवढंच लिहिलं, तर रांग!

अर्ज हे निमित्तच. परवा एक बाई मुलाच्या शिष्यवृत्तीचे कागद घेऊन आल्या. एका दाखल्यावर एक आडनाव, दुसऱ्यावर भलतंच. ते निस्तरता निस्तरता हळूच कळलं, घरभाडंही दोन महिन्यांचं थकलंय.

मुलांच्या बाबतीत मात्र आम्ही चुकलोच. त्यांना न विचारता व्यक्तिमत्त्व विकास शिबिर ठेवलं. आले चौघं, त्यातले दोघं पंख्याखाली बसायला. मुलांचं म्हणणं ऐकून घ्या, असं सांगणारं संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं 12वं कलम मला पाठ आहे, तरीही! मग विचारलं. त्यांना हवी होती अभ्यासाला शांत जागा, रात्री नऊपर्यंत. आता किल्ली त्यांच्यातल्याच एकीकडे असते. प्रिंटरही तिचंच ऐकतो.