पन्नासला तीन जोड

माघ वारीला चोपड्याहून मुक्ताईनगरला पायी जायचं ठरलं, तेव्हा बुटांवर मी अडीच हजार घातले. मोजे मात्र दिवाळीआधीच आठवडी बाजारातून घेतलेले होते, पन्नासला तीन जोड. सुती. त्यातला एक जोड सरावालाही वापरला. "सुतीच बरे, घाम शोषतात," असं आमच्या घरी सगळेच म्हणतात.

शोषतात हो, पण सोडत नाहीत. माघात आपल्याकडे पहाटे काकडायला होतं आणि दुपारी डांबर पोळतं. अडावद मागे पडेपर्यंत मोजे ओलेचिंब. ओल्या कातडीवर ओलं कापड घासत राहिलं, टाचेखाली चुणी गोळा झाली आणि किनगावला बूट काढले तर डाव्या टाचेवर रुपयाएवढा फोड. मी बुटांना नावं ठेवत बसलो.

दिंडीत एक काका होते, दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आयुष्य काढलेले. त्यांनी माझा मोजा उलटा केला, आत हात घातला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. टाचेच्या जागी त्यांची चारही बोटं दिसत होती.

"बूट कोरा, अन् हे काय माउली? पायले बूट लागत नाही भो, मोजा लागतो."

फोड फोडू दिला नाही त्यांनी. गॉज ठेवून वर चिकटपट्टी लावली. मग मोज्याची बाकीची दुखणी दाखवली: बोटांवरची जाड शिवण नखाला घासते, 'सगळ्यांना बसतो' म्हणून विकलेला मोजा कुणालाच नीट बसत नाही, आणि इलास्टिक सैल पडलं की मोजा बुटात उतरतो. टाच विरली किंवा कापड दगडासारखं कडक झालं की रफू करत बसायचं नाही, टाकायचा.

यावलला नायलॉन-पॉलिस्टर मिश्रणाचे, टाचेला जाड विणीचे दोन जोड घेतले. दुकानदाराने लोकरीचेही दाखवले. आपल्या उन्हात लोकर म्हटलं की हसू येतं, पण बारीक लोकर ओली झाली तरी सुतासारखी गारढोण चिकटत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा किंमत ऐकूनच परत ठेवले. दुपारच्या पंगतीत वरण-बट्टी पानात पडायच्या आधी पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, कोरडा जोड चढवायचा आणि ओला जोड पिनांनी पिशवीला टांगायचा, असा नेम लागला. केळीच्या बागांतून दोन मोजे फडफडवत चाललेला मी बघून पोरंटोरं हसायची.

फैजपूरच्या मुक्कामी एका मावशींचं बघितलं. बारा वर्षांची शुगर. मोजे कायम पांढरे, सैल काठाचे, आत शिवण नसलेले. रोज संध्याकाळी त्या मोजे उलटे करून दिव्याखाली बघत. त्या दिवशी तळव्याच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका. बुटाच्या तळातून बाभळीचा काटा वर आला होता आणि शुगरने बधिर झालेल्या पायामुळे मावशींना दिवसभर काहीच जाणवलं नव्हतं. काळा मोजा असता तर तो ठिपका कुणाला दिसला असता? सकाळी त्यांना डॉक्टरकडे नेलं आणि पुढे टेम्पोत बसवलं. मावशी ऐकेनात. शेवटी विणेकरी म्हणाले, "मुक्ताई टेम्पोतल्यांनाही भेटते मावशी, बसा."

माझे सुती मोजे उरलेच होते, दोन जोड, कोरे. आमच्यात एक अनवाणी चालणारे बाबा होते. त्यांच्या टाचांच्या भेगांत खडे अडकायचे. काकांनी त्यांना रात्री पाय धुऊन, भेगांना व्हॅसलीन चोळून वर ते मोजे घालून झोपायला लावलं. सुताचं खरं काम हे, काका म्हणाले. बाबांनी दोन रात्री ऐकलं. पहाटे काकडा झाला की मोजे काढायचे, घडी करून झोळीत ठेवायचे आणि अनवाणीच निघायचे. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर पोहोचलो, तेव्हा त्यांनी स्वतःच्या धोतराआधी ते मोजे धुतले.