यादीच्या पोटातली यादी

आज दिवसभर लेटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं मांडायच्या संगणक-प्रणालीत, एका प्रशिक्षण पुस्तिकेची मांडणी केली. मुद्दा, त्याखाली उपमुद्दा, त्याच्याही पोटात आणखी मुद्दे. लेटेकमध्ये हे किती सरळ आहे! 'आयटमाइझ' या यादीच्या आज्ञेच्या आत पुन्हा 'आयटमाइझ' उघडायचं, की मजकूर आपोआप आत सरकतो आणि चिन्हही बदलतं. आधी भरीव ठिपका, मग आडवी रेघ, मग तारका, चौथ्या पातळीला बारीक ठिपका. पाचवी उघडली की 'टू डीपली नेस्टेड' (यादी फार खोल गेली) म्हणून काम अडतं. मला ही मर्यादा मनापासून पटते. इतक्या खोल गेलेला मुद्दा वाचणाऱ्याच्या हाती लागतच नाही; त्याचा सरळ वेगळा परिच्छेद करावा.

खरा वेळ खाल्ला तो मोकळ्या जागेने. मुद्द्यांमधलं मुळातलं अंतर ऐसपैस, आणि ए५ पानावर तिसऱ्या पातळीला ओळीत जेमतेम पाच-सहा शब्द मावत होते. याद्यांची मांडणी हवी तशी बदलू देणारं 'एनमआयटेम' हे जोड-पॅकेज घेतलं. आतल्या याद्यांना 'नोसेप' (मुद्द्यांमधलं जादा अंतर काढणारा पर्याय), बाहेरच्या यादीला थोडी हवा, डावा समास कमी. हे सगळं 'सेटलिस्ट' या आज्ञेत एकदाच लिहिलं, की अख्ख्या पुस्तिकेतल्या याद्या एका रेषेत येतात. पान बघून फार बरं वाटलं. उद्या तक्ते लावायला घेणार.