आंबोली: पतंग, फुलं आणि ‘कशावर?’चा रकाना

पावसाळा सरताना आंबोलीला येणाऱ्या बहुतेक गाड्या धबधब्यापाशी थांबतात. आमची थेट चौकुळच्या रस्त्याला लागली, कारण अमावास्या जवळ होती. चांदणं नसलं की पतंग दिव्याकडे जास्त येतात, म्हणून पतंगांच्या नोंदी करायच्या आमच्या सहली कालनिर्णय बघून ठरतात.

पडवीसमोर पांढरी चादर ताणून मर्क्युरीचा बल्ब लावला. घरमालकीण काकूंनी विचारलं, “पाखरां मोजून तुमका काय गावतला?” उत्तर द्यायच्या आत एक ॲटलास पतंग चादरीवर आदळला. पंखांच्या टोकांना सापाच्या तोंडासारखी नक्षी, मधे पारदर्शक त्रिकोणी खिडक्या. मिशा पिसासारख्या रुंद, म्हणजे नर; मादीचा गंध त्याला याच मिशांनी दुरून लागतो. खायला तोंडच नाही. अळी असताना साठवलेल्यावर जेमतेम आठवडा काढायचा. काकू मुकाट्याने आत जाऊन मोबाइल घेऊन आल्या.

पहाटे उजाडायच्या आधी दिवा बंद करून पतंग झुडपांत सोडायचे, नाहीतर कोतवाल आणि बुलबुल चादरीवरच न्याहारी उरकतात.

चादरीवर पतंग कोणता ते कळतं, तो कुठल्या झाडावर वाढला ते नाही. आणि मला तर नोंदीतला तोच ‘कशावर?’चा रकाना सगळ्यांत मोलाचा वाटतो. सुंदर फोटो ढिगाने असतात, खाली झाडाचं नाव मात्र क्वचित. सकाळी अंगणातल्या तगरीवर एक जाडजूड हिरवी अळी दिसली: डोक्यामागे निळे-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके, शेपटाला पिवळसर शिंग. ओलिअँडर हॉक मॉथ या पतंगाची अळी! कण्हेर आणि तगर ही तिची खाद्यवनस्पती. रात्रभरच्या फोटोंपेक्षा मला ही एक ओळ जास्त आवडली.

मग जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं दगडी पठार. सीतेची आसवं या फुलांचा जांभळा पट्टा, मधे गेंदाच्या फुलांची पांढरी डोकी. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण मातीतल्या बारीक पिशव्यांनी पाण्यातले जीव ओढून घेतात. शेजारी दवबिंदू या कीटक खाणाऱ्या झाडाच्या चिकट केसांत एक इवलासा पतंग अडकलेला. ‘कशावर?’ म्हणून दवबिंदू लिहिलं खरं, पण इथे खाणारं झाड होतं, म्हणून शेरा वेगळा टाकावा लागला.

परतताना खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगांवर ब्लू टायगर फुलपाखरांची झुंबड. फूल एकही नाही, तरी सोंड घासणं चालूच. हे बहुधा नर असतात. झाडातली अल्कलॉइड, म्हणजे कडू विषारी द्रव्यं, शोषून त्यांपासून मादीला भुलवणारा गंध तयार करतात, शिवाय त्यामुळे पक्ष्यांनाही ते बेचव लागतात. इथे नुसतं ‘खुळखुळा’ लिहून भागत नाही, ‘वाळकी शेंग’ लिहावं लागतं. नाहीतर वाचणारा समजणार, मधुरस पीत होते.