तरतूद नाही

लालबागच्या घरी पोचले की माझ्या बॅगांआधी काकांची प्लास्टिकची पिशवी उघडते. या डिसेंबरातही तसंच झालं. एका सरकारी गोदामाची कुंपणभिंत पावसाळ्यात काकांच्या अंगावर पडली, त्याला बरीच वर्षं झाली. उजवा गुडघा तेव्हापासून वाकत नाही. दिवाणी न्यायालयात दावा चालला, हुकूमनामा काकांच्या बाजूने झाला, सरकार अपिलातही गेलं नाही. पैसे मात्र आले नाहीत. खात्यात गेलं की एकच उत्तर मिळतं, "यंदा तरतूद नाही."

"अगं, तू तिकडे सरकारी हिशेबच बघतेस ना? तिथे हे पैसे कोण देतं?" काकांनी विचारलं. त्यांना चहाबरोबर जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लिहिते.

मी वॉशिंग्टन राज्यात, ऑलिंपिया या राजधानीच्या गावी, एका छोट्या सरकारी खात्यात काम करते. (व्हाइट हाउसवालं वॉशिंग्टन शहर देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे.) पहिल्या वर्षी खात्याचं अंदाजपत्रक हाती आलं, तेव्हा पगार, भाडं, वीज यांच्या रांगेत एक ओळ दिसली: स्वविम्याचा हप्ता. राज्य स्वतःच स्वतःचा विमा उतरवतं. खाती हप्ता भरतात, त्यातून गंगाजळी तयार होते आणि राज्याविरुद्धचे दावे तिच्यातून भागवले जातात. हप्ता ठरवताना खात्याचे मागचे दावे मोजले जातात. म्हणजे चूक झाली की ती पुढच्या अंदाजपत्रकात येऊन बसते, साहेबांना ती पाहावीच लागते. त्या बैठकांत मी बसले आहे. हप्ता का वाढला, हा प्रश्न तिथे खरोखर विचारला जातो.

दावा करायची रीत ओळखीची वाटेल. ठरलेला अर्ज द्यायचा, ६० दिवस थांबायचं, मग कोर्टात जायचं. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते, तसंच. पण वॉशिंग्टन राज्याने 'सरकारवर दावा चालत नाही' ही जुनी ढाल १९६१ मध्येच खाली ठेवली. आपल्याकडे १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात पोलिसांच्या ताब्यातलं सोनं हवालदाराने पळवलं, तरी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं नाही. पुढच्या निकालांनी ती भूमिका बरीच सैल केली, हे खरं.

मला सर्वांत जास्त सलते ती २०१४ ची गोष्ट. त्या मार्चमध्ये आमच्या राज्यात ओसो इथे डोंगर घसरून ४३ माणसं गेली. त्याच वर्षी ३० जुलैला माळीण. ओसोच्या कुटुंबांनी राज्यावर दावा लावला आणि २०१६ मध्ये राज्याने ५ कोटी डॉलरवर तडजोड केली. माळीणला शासनाने मदत दिली, नवं गाव वसवलं, आणि ते करायलाच हवं होतं. पण मदत देताना कुणाचं काही चुकलं का, हे विचारावं लागत नाही. दाव्यात तेच आधी विचारतात.

काकांना मी आणखी एक गोष्ट दाखवली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२ नुसार न्यायालयाचा निकाल भागवायला लागणारी रक्कम राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीवर, 'भारित' असते, म्हणजे ती तिजोरीतून द्यायचीच असते. तिच्यावर विधानसभेत मतदानही होत नाही. मग 'तरतूद नाही' हे उत्तर काकांच्या तोंडावर फेकायचं कशाच्या आधारावर? आणि भारित असल्यामुळेच ती रक्कम कुणाला टोचत नाही, कुठल्या साहेबाच्या खर्चात दिसत नाही, असं मला वाटतं. आपल्याकडेही खात्याखात्याला असा हप्ता लावावा, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

काकांनी अनुच्छेदाचा आकडा पिशवीवर पेनाने लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी आम्ही वकीलबाईंकडे गेलो. हुकूमनाम्याला तीन महिने केव्हाच उलटलेत, तेव्हा दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, लावू, असं त्या म्हणाल्या. पहिली तारीख फेब्रुवारीत आहे. काका काठी टेकत एकटाच जाईन म्हणतात. शेजारच्या पोराला सोबत जायला सांगून ठेवलंय.