असाही पेंटॅक्स

नवरात्र बसलं की आमच्या गॅलरीत दोन गोष्टींना ऊन दाखवलं जातं. गाद्यांना आणि लेन्सना. गाद्यांचा मान मोठा, त्या कठड्यावर ऐसपैस पसरतात. लेन्स बिचाऱ्या स्टुलावरच्या ताटात, धुतलेल्या पंचावर, पापड घातल्यासारख्या. पुण्याच्या हवेत एवढं करायची गरज नाही असं मला सगळे सांगतात. पण ज्यानं कोकणातला आषाढ काढलाय, त्याचा कपाटावर विश्वास बसत नाही. चपलांना येते, कमरेच्या पट्ट्याला येते, तशी लेन्सलाही बुरशी येते. मोबाइलचा टॉर्च मागून मारून तिरकं बघावं, तर आत दोन काचांच्या मध्ये, अगदी कडेला, कोळ्यानं मुहूर्ताचा धागा टाकावा तसं काहीतरी दिसतं. एकदा ते दिसलं की पुढे तेवढंच दिसत राहतं. उन्हानं ती मरते म्हणतात. मरत नसेलही, पण माझं समाधान होतं.

यंदा जरा जास्तच समाधान झालं. पन्नास एमएमची लेन्स आमच्याकडच्या एका खोलगट वाटीच्या तोंडावर चपखल बसते असा शोध मला लागला. खालूनही हवा लागेल म्हणून बसवली. ऊन भरपूर आत जावं म्हणून उजेड कमी-जास्त करणारी आतली पाती पूर्ण उघडून, म्हणजे एफ दोनवर, ठेवली. लेन्स घसरून आपटू नये म्हणून वाटीत घडी घातलेला रुमाल. आणि आत जाऊन पेपर वाचत बसलो. दहा मिनिटांनी बायको म्हणाली, काहीतरी जळतंय. दूध नव्हतं, इस्त्री नव्हती. रुमालाच्या घडीला चारही पदरांतून एक गोल, सुबक भोक पडलं होतं आणि कडेनं धुराची रेघ वर जात होती. शाळेत असताना भिंगानं कागद जाळायची हौस आम्ही सगळ्यांनी केलेली. लेन्स म्हणजेही शेवटी भिंगच, हे पन्नाशीच्या घरात आल्यावर विसरलो होतो.

ही लेन्स ज्या कॅमेऱ्याची, त्याच्या कपाळावर इंग्रजीत ‘असाही पेंटॅक्स’ असं कोरलेलं आहे. मी ते पहिल्यापासून मराठीतच वाचतो. असाही एक पेंटॅक्स, तसाही एखादा असेल. पुढे कधीतरी कळलं की जपानीत असाही म्हणजे सकाळचा सूर्य. मग रुमाल जळला यात नवल ते काय.

मॉडेल के १०००. १९७६ साली निघाला आणि १९९७ पर्यंत जवळजवळ न बदलता बनत राहिला. त्यात काय नाही याची यादी मोठी आहे. ऑटोफोकस नाही, आपोआप काही ठरवणं नाही, सेल्फ टायमरसुद्धा नाही. शटर आहे, एका सेकंदापासून हजारांशापर्यंत. डोळा लावला की उजवीकडे एक सुई दिसते. ती मधोमध आली की उजेड बरोबर. त्या सुईसाठी एक बटणाएवढा सेल लागतो, बाकी सगळं स्प्रिंगांवर आणि दात्यांवर. मीटर बंद करायला बटण नाही. लेन्सला टोपण लावायचं, म्हणजे आत अंधार होतो आणि सेल वाचतो.

मी तो घेतला जुन्या बाजारात. तेव्हा माझे रविवार तिथेच जायचे. नट-बोल्ट, पितळी पळ्या, एकाच पायाचे बूट, आणि त्यात फडक्यावर दोन कॅमेरे. विक्रेता म्हणाला, “चालू आहे साहेब. फक्त सेल नाही.” जुन्या बाजारात सगळंच चालू असतं, फक्त सेल नसतो. घड्याळ चालू, रेडिओ चालू, दाढीचं यंत्र चालू. पण या एका वस्तूच्या बाबतीत तो अक्षरशः खरं बोलत होता, हे त्याला ठाऊक नसावं.

जुना कॅमेरा घेताना आपण त्यातलं किती कळतं ते चेहऱ्यावर दिसू देऊ नये, नाहीतर किंमत वाढते. फारच बावळट दिसलो तरी वाढते. मी मधला चेहरा केला. मागचं झाकण उघडलं, तर कडेचा फोम विरघळून बोटाला डांबरासारखा लागला. त्याचं काही नाही, तो बदलता येतो. शटर एका सेकंदावर लावून कानाशी धरलं. आत खर्रर्र असा दात्यांचा आवाज येतो आणि मग खट्ट. हा आवाज सबंध आला पाहिजे, मध्येच ठेच लागता कामा नये. आला. लेन्स आभाळाकडे धरून बघितली, पाती तेलकट नव्हती, कडेला एकच पांढरा धागा होता. मी तो धागा त्याला असा दाखवला की जणू भिंतच खचली आहे. साडेचार हजारांवरून अठ्ठावीसशेवर आलो. शेजारचा दुसरा कॅमेरा झेनिट-ई होता, रशियन, हातात घेतला तर किलोभर वजन. त्यावर अठ्ठावन्न एमएमची हेलिओस लेन्स. आता त्या हेलिओसला पोरं अडॅप्टर लावून डिजिटलवर चढवतात, कारण तिच्यात मागची झाडं भोवऱ्यासारखी गरगरतात. तेव्हा ती कोणाला नको होती. मलाही नको झाली. तो झेनिट घ्यायला हवा होता असं मला दर रविवारी वाटतं.

पण मला के १०००च हवा होता, कारण मामाचा तोच होता. १९८२ साली मस्कतहून एका मित्राकरवी आणवलेला, चामड्याच्या कव्हरातला. गणपतीला आम्ही आजोळी जायचो. मामा आंघोळ करून, माजघरातल्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात, पाठ दाराकडे करून रोल भरायचा. तेव्हा बोलायचं नाही. रोलची जीभ खाचेत सरकवायची, दोनदा ओढा द्यायचा आणि डावीकडची किल्ली आपोआप फिरते की नाही ते बघायचं. फिरली तर आत रोल खरंच पुढे जातोय. एका वर्षी ती न बघताच मामानं सगळं गौरीपूजन काढलं आणि चाळीस दिवसांनी स्टुडिओतून एक पांढरीफटक पट्टी घरी आली. आजी म्हणाली, “गौरींना नसेल काढून घ्यायचा.” रोलची रिकामी डबी मात्र आजी लगेच उचलायची. काळी डबी, राखाडी झाकण, हवा जात नाही. तिच्यात आजीचं पिंजर असायचं. पुढे लवंगा असायच्या.

फोटो पडवीत. उजेड कमी म्हणून पाती सताड उघडी आणि शटर तीसवर, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागावर, मग “हलू नका” हे पाच मिनिटं. आजोबा खुर्चीत, शेजारी आजी पाटावर, मागे मोठी माणसं, पायरीवर आम्ही पोरं. मामा लेन्सचं कडं फिरवायचा, परत फिरवायचा. के १०००च्या काचेच्या मध्यभागी एक गोल असतो, फोकस नसला की त्यातलं चित्र उकळत्या पाण्यावरून बघितल्यासारखं थरथरतं, जमला की एकदम शांत होतं. ते बघायला काहीतरी ठसठशीत, काठ असलेलं लागतं. मामा आजीच्या कुंकवावर फोकस करायचा. मोठं, रुपयाएवढं कुंकू. “आई, मान वर,” एवढंच म्हणायचा. मग खट्टाक, आणि टोपण लाव म्हणून मला खूण. टोपण लावायचा मान माझा होता.

एक रोल चतुर्थीला घातला की दिवाळीपर्यंत पुरवायचा. उरलेले दोन-तीन फोटो ‘रोल संपवायला’ म्हणून काढायचे, आणि आमच्या अल्बममधले सगळ्यांत छान फोटो तेच आहेत. विहिरीचा रहाट. पेंढ्यावर झोपलेला कुत्रा. कोणालाच ओळखू न येणारी एक पाठमोरी बाई. अशाच एका शेवटच्या फोटोला मामानं कॅमेरा माझ्या हातात दिला. मी दहा वर्षांचा असेन. रहाटावर नेम धरला, बटण दाबलं, आणि डोळ्यासमोर मिट्ट काळोख. क्षणभरच. पण मला वाटलं, मोडला. मस्कतचा कॅमेरा मी मोडला. मी काहीच बोललो नाही, कॅमेरा परत दिला आणि गोठ्यामागे जाऊन रडलो. मामानं शोधून काढलं. म्हणाला, “अरे, आरसा वर गेला की अंधार होतोच. अंधार झाला म्हणजे फोटो निघाला.”

एसएलआरची, म्हणजे अशा आरशाच्या कॅमेऱ्याची, गंमत ही. लेन्समधून येणारं चित्र आरशावरून, डोक्यावरच्या टेंगळातल्या पंचकोनी काचेतून आपल्या डोळ्यात येतं. फोटो काढताना आरसा वाटेतून बाजूला होतो आणि तेवढा वेळ चित्र आपलं नसतं, रोलचं असतं. पूर्वीच्या कॅमेऱ्यांत आरसा वर गेला की रोल पुढे सरकवेपर्यंत तिथेच राहायचा, फोटोग्राफर काळोखात. तो लगेच खाली आणायची सोय याच असाही कंपनीनं १९५४ मध्ये असाहिफ्लेक्समध्ये केली आणि मग सगळ्यांनीच केली. तेव्हापासून काळोख पापणी लवण्याएवढा झाला.

मला रिकामा कॅमेरा वाजवायची सवय आहे. फोनवर बोलताना, बातम्या बघताना हात आपोआप खटका ओढतो आणि सोडतो. खट्टाक. आईला हे अजिबात चालायचं नाही. रिकामी कात्री चालवली की घरात भांडण होतं तसं काहीतरी या यंत्राचंही असणार अशी तिची खात्री होती. भांडणं झाली, पण ती रोलच्या पैशांवरून. रंगीत रोल आता हजाराच्या पुढे, धुणावळ आणि स्कॅन वेगळं. पूर्वी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत टाकायचो, आता डबी कुरिअरनं पाठवतो आणि ई-मेलची वाट बघतो. छत्तीसच्या रोलमधून अडतीस काढण्याचा आनंद मात्र अजून फुकट आहे.

आज रुमाल विझवल्यावर गॅलरीतच बसून उगाच हिशेब केला. शटर सरासरी एकशेपंचवीसावर, म्हणजे सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागावर धरू. छत्तीस फोटोंचा एक रोल म्हणजे पाव सेकंदाहून किंचित जास्त. चतुर्थीपासून दिवाळीपर्यंतचा सगळा ऐवज, पाव सेकंद. मामाचे वर्षाला तीन रोल, अशी बारा वर्षं. साधारण दहा सेकंद भरतात. आमच्या अख्ख्या घराण्याची चित्रं दहा सेकंदांची आहेत, आणि नेमक्या त्याच दहा सेकंदांत मामाला काही दिसत नव्हतं. शिवाय सेल्फ टायमर नाही, त्यामुळे मामा एकाही फोटोत नाही.

बारा वर्षांनी त्याचा कॅमेरा गेला. चामड्याचं कव्हर ओल धरून ठेवतं हे तेव्हा कोणाला माहीत होतं? एक पावसाळा कपाटावर राहिला आणि लेन्स दुधी झाली. दुरुस्तीला दिला तो सुटा-सुटा होऊन पिशवीतून परत आला. पण बुरशी त्याच्या आधीपासूनच असणार असं मी धरून चाललो होतो. कारण अल्बममध्ये ८८ सालापासूनच्या पडवीतल्या फोटोंत खुर्ची नाही, आणि आजी किंचित धूसर आहे. पायरीवरचा मी मात्र खणखणीत, शर्टाचे दोरे मोजावेत इतका. एकट्या आजीलाच बुरशी कशी धरेल, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

मामाला फोन लावला. तो आता मोबाइलवर रोज सकाळी जास्वंदीचा फोटो पाठवतो, एकच झाड, एकच कोन. रुमालाची हकिकत सांगितली, तो खूप हसला. मग मी म्हटलं, “तू आजीच्या कुंकवावर फोकस करायचास ना?”

“करायचो. तिथे पटकन कळायचं.”

“आणि नंतर?”

त्याच्याकडे टीव्ही चालू होता. तो कोणीतरी बारीक केला.

“नंतर तुझ्या बटणावर,” तो म्हणाला. “तू पुढे बसायचास.”

मी हो म्हटलं. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, “ऊन आहे का रे तिकडे अजून?”

“कडक.”

“मग दुसरा रुमाल घालू नकोस वाटीत.”