आज पुन्हा 'आर्थर'

दादाला एअरपोर्टवर सोडलं, मेलबर्नला चाललाय कायमचा, आणि पुण्याला परत येताना गाडीत द किंक्स या ब्रिटिश रॉक बँडचा 'आर्थर' लावला, १९६९ चा अल्बम. कुणाला हा अल्बम सांगावा तर लोक लगेच द हू बँडच्या 'टॉमी'वर (तोही त्याच वर्षीचा, गाण्यांतून गोष्ट सांगणारा) घसरतात राव! 'आर्थर'मध्ये हिरो म्हणजे गालिचे बसवणारा साधा माणूस, ब्रिटिश साम्राज्य संपत आलंय आणि पोरगा बायकामुलांना घेऊन ऑस्ट्रेलियाला निघालाय. किंक्सचा गायक-गीतकार रे डेव्हिस, त्याची बहीण आणि मेव्हणे खरंच तिकडे गेले होते, त्यावरून सुचलेलं. लिहिलं होतं टीव्हीवरच्या नाटकासाठी, ते काही बनलंच नाही, गाणी तेवढी राहिली. ऑस्ट्रेलियावालं गाणं जवळपास सात मिनिटांचं, शेवटी नुसतं जॅमिंग, एरवी मी स्किप करतो (हो, फॅन असूनही). आज नाही केलं. खालापूर टोलनाक्यावर मागचा हॉर्न बडवत बसला होता.